गोल्फचा बॉल उजवीकडेच वळतोय? नवा ड्रायव्हर घेण्याआधी हे तपासा

लक्षणं

आधी तुमचा आजार हाच आहे का ते पाहू. पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिलंय. डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं.

- ड्रायव्हरचा, म्हणजे सगळ्यात लांब मारायच्या क्लबचा (काठीचा), बॉल सरळ किंवा जरा डावीकडे निघतो आणि अर्ध्या वाटेत उजवीकडे वळून बाजूच्या जाळीत जातो.
- जेवढा जोर जास्त, तेवढा तो जास्त वळतो.
- सात नंबरची आयर्न (मधल्या अंतराचा क्लब) बरी जाते, वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब) तर चक्क डावीकडे जाते. ड्रायव्हर हातात आला की पुन्हा उजवीकडे.
- बॉल उंच चढतो, अंतर मिळत नाही, आणि पडल्यावर फारसा घरंगळत नाही.
- डाव्या हातमोज्याला तळव्याच्या खालच्या बाजूला, मनगटाजवळ, भोक पडतं.
- रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बॉलची बकेट संपता संपता ‘आता जमलं’ असं वाटतं. कोर्सवर पहिल्याच टीवर, म्हणजे होलचा पहिला फटका मारायच्या जागी, पाढे पंचावन्न.

यातली तीन-चार जुळत असतील तर हा स्लाइस आहे. नव्या खेळाडूंमध्ये याच्याइतकं दुसरं काहीच आढळत नाही. मी कोच नाही. पण वीकएंडला नवी मुंबईच्या रेंजवर जातो, आणि नव्याने खेळायला लागलेल्या मंडळींचा स्लाइस सोडवणं हे हळूहळू माझंच काम होऊन बसलंय. त्यातून एवढं पक्कं कळलंय की बहुतेकांचा बिघाड स्विंग सुरू होण्याआधीच झालेला असतो, आणि ते मात्र स्विंग दुरुस्त करत बसतात.

एक अपवाद. बॉल हवेत न वळता जमिनीलगत थेट उजवीकडे सटकत असेल आणि हाताला झिणझिण्या आणणारा झटका बसत असेल, तर तो स्लाइस नाही, शँक आहे. बॉल फेसला, म्हणजे क्लबच्या मारायच्या बाजूला, न लागता दांडा जिथे क्लबच्या डोक्यात शिरतो त्या नळीला लागतोय. त्याच्यावर स्लाइसचे उपाय करू नका, दोन्ही बिघडेल. तेवढ्यापुरतं बॉलपासून थोडं लांब उभं राहून पाहा.

बॉल दोन गोष्टी सांगतो

बॉल कुठे निघाला आणि नंतर कुठे वळला, हे वेगवेगळं पाहायची सवय लावा. बॉल ज्या दिशेने निघतो ती मुख्यतः टक्कर होतानाची क्लबच्या फेसची दिशा असते. तो वळतो ते फेस आणि क्लबचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. क्लब बाहेरून आत, म्हणजे डावीकडे जातोय आणि फेस त्या मार्गाच्या मानाने उजवीकडे उघडा आहे, की झाला स्लाइस.

पूर्वी याच्या उलट शिकवायचे. बॉल क्लबच्या मार्गाने निघतो आणि फेसच्या दिशेने वळतो, असं. रडारने मोजमाप सुरू झालं तेव्हा ते खोटं ठरलं, पण जुना सल्ला अजून जिवंत आहे: ‘उजवीकडे जातोय ना, मग थोडं डावीकडे तोंड करून उभे राहा.’ तुम्ही डावीकडे उभे राहता, खांदे डावीकडे वळतात, क्लब आणखी डावीकडे जातो. फेस मात्र टार्गेटकडेच ठेवलेला असतो. फरक वाढला, वळण वाढलं. पुढच्या बॉलला तुम्ही आणखी डावीकडे सरकता. असे वर्षभर सरकत गेलेले लोक मी पाहिलेत. त्यांचे पाय एकीकडे असतात आणि झेंडा भलतीकडेच.

वेज डावीकडे आणि ड्रायव्हर उजवीकडे जाण्याचं कोडंही इथेच सुटतं. वेजचा लॉफ्ट, म्हणजे फेस मागे झुकल्याचा कोन, ४५ अंशांच्या आसपास किंवा जास्त असतो, त्यामुळे बॉलला मागे फिरणारी स्पिन भरपूर मिळते आणि बाजूचं वळण कमी दिसतं. डावीकडे निघालेला बॉल जवळपास सरळ डावीकडेच जातो. ड्रायव्हरचा लॉफ्ट १० अंशांच्या आसपास, तिथे तीच चूक भिंगाखाली धरल्यासारखी दिसते. आजार एकच आहे. त्यामुळे ‘माझ्या आयर्न ठीक आहेत, ड्रायव्हरच खराब आहे’ हा निष्कर्ष काढून दुकानात जाऊ नका.

आता तपासण्या, फुकटच्या आधी. क्रम मोडू नका. पहिलं नीट नसेल तर पाचव्याचं उत्तर चुकीचं येतं.

१. हात, हातमोजा, ग्रिपचं रबर

मुंबईत याला पहिला नंबर. एप्रिल-मेमध्ये सकाळी आठलाच हात घामाने ओले होतात. ओला हात घसरतो, घसरू नये म्हणून आपण क्लब आवळतो, आणि आवळला की मनगटं आणि पुढचे हात फिरत नाहीत. फेस उघडाच राहतो. बॅगेला एक जुना सुती पंचा बांधा आणि दर बॉलआधी हात पुसा. दोन हातमोजे ठेवा, एक वापरा, एक वाळू द्या. ओला मोजा बॅगेच्या खिशात कोंबला की पुढच्या वेळी पापडासारखा कडक निघतो.

रबरावरून अंगठा फिरवा. गुळगुळीत चकाकी आली असेल तर कोमट पाणी, भांडी घासायचा साबण आणि जुना ब्रश घेऊन धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. धुऊनही घसरत असेल तर ग्रिप बदलून घ्या. नव्या क्लबच्या मानाने तो खर्च किरकोळ आहे.

२. तुम्ही नक्की कुठे बघताय

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, कारण निम्मी माणसं इथेच बरी होतात.

इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगचा पांढरा पीव्हीसी पाइप मिळतो. चार-चार फुटांचे दोन तुकडे करून घ्या. एक बॉलच्या पलीकडे टार्गेटच्या दिशेने ठेवा, दुसरा पायांच्या बोटांसमोर त्याला समांतर. मग बॉलच्या मागे जाऊन उभं राहून बघा. परवा एका काकांच्या बाबतीत हेच केलं. आधी फक्त त्यांच्या बोटांना लावून एक पाइप ठेवला आणि म्हटलं, आता मागे या. पाइप डावीकडच्या दिव्याच्या खांबाकडे रोखलेला. “अहो, मी तर मधल्या झेंड्यावर मारतोय!” ते म्हणाले. मारत होते झेंड्यावरच, उभे होते खांबाकडे.

रेंजवर यात एक छुपा खलनायक असतो, तो म्हणजे मॅट. मॅटची कड सरळ पुढे जाते आणि पाय नकळत तिला समांतर पडतात. तुम्ही निवडलेला झेंडा मात्र त्या रेषेत नसतो. म्हणून आधी टार्गेट ठरवा, पाइप त्याला लावा, मॅट कुठेही बघू दे.

पाय नीट झाले तरी खांदे उघडे राहतात. क्लब आडवा करून दोन्ही खांद्यांना टेकवा, तोही पाइपला समांतर हवा. पाय बरोबर आणि खांदे डावीकडे हा प्रकार फसवा, कारण क्लब खांद्यांचं ऐकतो.

दुपारी सराव करत असाल तर वाराही लक्षात घ्या. आपल्याकडे दुपारनंतर समुद्राकडून पश्चिमेचा वारा सुटतो. तो डावीकडून येत असेल तर साधा शॉटही स्लाइस वाटेल, आणि समोरून येत असेल तर असलेलं वळण वाढेल. तपासणी सकाळी करा, वारा पडलेला असताना.

३. क्लब धरायची पद्धत

डावा हात आधी. क्लब तळव्यातून नाही, बोटांच्या मुळाशी बसला पाहिजे. वरून पाहिल्यावर डाव्या हाताचे दोन ते तीन उंचवटे, म्हणजे मूठ आवळल्यावर वर येणारी बोटांची हाडं, दिसायला हवीत. एकच दिसत असेल तर पकड कमकुवत आहे आणि फेस उघडा यायला मोकळं रान. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी यांच्यात जो ‘व्ही’ होतो, त्याचं टोक उजव्या खांद्याकडे असावं, हनुवटीकडे नाही. वर लक्षणांत सांगितलेलं हातमोज्याचं भोक आठवतंय? क्लब तळव्यात धरला की तो तिथे घासतो.

आपल्याकडची ही खास अडचण आहे, कारण इथे गोल्फला येणारा जवळजवळ प्रत्येक जण आधी मैदानावर क्रिकेट खेळून आलेला असतो. बॅट धरायची सवय हाताला पक्की असते. ऑफ ड्राइव्हला डावा कोपर पुढे काढून बॅटचा फेस धरून ठेवायचा, हे आपल्याला लहानपणी ओरडून ओरडून शिकवलेलं. गोल्फमध्ये तोच कोपर वाकून बाहेर पडला की क्लबचा फेस बंदच होत नाही. तुम्ही बऱ्यापैकी बॅट्समन असाल तर ग्रिपवर दुप्पट वेळ द्या.

नवी पकड विचित्र वाटेल. पहिले काही दिवस बॉल डावीकडे, खालून आणि वेड्यासारखा जाईल. घाबरून जुन्या पकडीवर येऊ नका. डावीकडे जाणं ही इथे चांगली खूण आहे, फेस बंद व्हायला लागलाय. घरी टीव्ही बघताना क्लब हातात घ्या, पकड लावा, सोडा, पुन्हा लावा. स्विंग करू नका. मुंबईच्या फ्लॅटमध्ये पंखा आणि बायको, दोघांपैकी एक तरी दुखावेलच.

४. बॉलची जागा आणि टीची उंची

ड्रायव्हरला बॉल डाव्या टाचेच्या आतल्या बाजूसमोर. सात नंबरला मधल्यापेक्षा किंचित पुढे. बॉल याच्याही पुढे गेला तर त्याच्यापर्यंत पोचायला खांदे उघडावे लागतात, आणि क्लब तिथे येईपर्यंत डावीकडे वळलेला असतो. टी, म्हणजे बॉल ठेवायची खुंटी, एवढी वर ठेवा की क्लब जमिनीवर टेकवल्यावर अर्धा बॉल ड्रायव्हरच्या वरच्या कडेच्या वर दिसेल. रेंजवरच्या रबरी टीची उंची ठरलेली असते. ती फार कमी असेल तर तिथे ड्रायव्हरचा निकाल गंभीरपणे घेऊ नका.

५. बॉल फेसवर कुठे लागतोय

व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलच्या मागच्या बाजूला मोठा ठिपका काढा, ठिपका फेसकडे येईल असा बॉल ठेवा आणि मारा. फेसवर ठसा उमटतो, ओल्या फडक्याने पुसला जातो. मध्यापासून दांड्याकडच्या बाजूला, म्हणजे हीलला ठसे पडत असतील तर टक्कर होताना ड्रायव्हरचं डोकं किंचित फिरतं आणि बॉलला उजवीकडे वळवणारी स्पिन मिळते. तुमचा स्विंग ठीक असला तरीही. अशा वेळी स्विंगला हात लावू नका. बॉलपासून थोडं मागे उभे राहा, वजन पायाच्या बोटांवर झुकत नाही ना ते बघा, आणि पुन्हा ठसे तपासा. एका ठशावरून काही ठरवू नका, आठ-दहा बघा. रेंजचे बॉल झिजलेले असतात, एखादा आपल्याच मर्जीने उडतो.

६. आता क्लबचा मार्ग

इथपर्यंत सगळं नीट करूनही बॉल वळत असेल तरच स्विंगकडे या. सात नंबर घ्या, ड्रायव्हर बॅगेत. बॉलच्या पलीकडच्या बाजूला आणि साधारण एक वीत मागे, गुंडाळलेला टॉवेल किंवा बॉलचा रिकामा खोका ठेवा. क्लब बाहेरून आला तर खोक्याला लागेल. पाइप किंवा काही कडक वस्तू ठेवू नका, मनगट दुखावेल.

मग अर्धा स्विंग. डावा हात जमिनीला समांतर होईपर्यंत मागे आणि उजवा हात समांतर होईपर्यंत पुढे. निम्म्या वेगाने. अंतराकडे बघायचं नाही. बॉल उजवीकडून निघून डावीकडे किंचित वळला की समजा, मार्ग सुधारला. पूर्ण स्विंगची घाई कराल तर खांदे लगेच जुन्या वाटेने जातील, कारण जोराची आठवण खांद्यांत असते.

बकेट कशी वापरायची, हेही इथेच. पहिला एक तृतीयांश हिस्सा अर्ध्या स्विंगचा, वेज किंवा नऊ नंबरने. दुसऱ्यात एकच बदल घ्यायचा, एकच, आणि पाइप लावून सात नंबर मारायची. शेवटच्या हिश्श्यात दर बॉलला क्लब आणि टार्गेट दोन्ही बदलायचं, कारण कोर्सवर एकाच जागेवरून तोच क्लब वीस वेळा मारायला कुणी देत नाही. बकेट संपताना जमल्यासारखं वाटतं आणि टीवर जमत नाही, त्याचं मुख्य कारण हे. मशिनगनसारखे बॉल मारून हाताला तात्पुरती लय लागते, कौशल्य येत नाही. दोन बॉलच्या मध्ये मागे या, टार्गेट बघा, पुन्हा पकड लावा. बकेटला वेळ दुप्पट लागेल. लागू द्या.

आणि या सगळ्यात पटिंग, म्हणजे पटर नावाच्या क्लबने बॉल घरंगळवत होलमध्ये घालणं, विसरू नका. पार ७२ च्या, म्हणजे ७२ फटक्यांत पुरा व्हावा अशा अठरा होलच्या कोर्सवर हिशोबच दर होलला पटरच्या दोन फटक्यांचा असतो, म्हणजे ३६ फटके. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदिती अशोक चौथी आली, तेव्हा लांब मारण्यात बहुतेक जणी तिच्या पुढे होत्या. तिने त्यांना गाठलं पटिंगवर. घरच्या टाइल्सची सांध्याची सरळ रेष पटर मागे-पुढे नेण्यासाठी वापरा. स्टीलची फूटपट्टी जमिनीवर ठेवून तिच्यावरून बॉल टोकापर्यंत न पडता घालवता आला तर तुमची सुरुवातीची दिशा बरोबर आहे. पावसाळ्यात कोर्सवर चिखल झाला की आम्ही हेच करतो.

७. शेवटी, क्लब

कुणा काकांचा जुना सेट मिळाला असेल तर शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, तुमच्यासाठी फार कडक असू शकतो. मग क्लब वळवायला ताकद लागते आणि फेस उघडा येतो. आयर्नच्या तळावर टेप चिकटवून मॅटवर काही बॉल मारा. घासल्याच्या खुणा सगळ्या टोकाकडे, म्हणजे दांड्यापासून लांबच्या बाजूला, असतील तर क्लब टोकावर टेकतोय, अशा क्लबने बॉल उजवीकडे जाण्याचा कल असतो. हे घरी दुरुस्त होत नाही. क्लब फिटिंग करणाऱ्याला दाखवा.

क्लबचं डोकं हलताना खुळखुळत असेल किंवा शाफ्टला तडा दिसत असेल तर तो क्लब त्याच क्षणी बाजूला ठेवा. फेव्हिक्विक लावून ‘एवढी बकेट काढू’ असं करू नका. सुटलेलं डोकं शेजारच्या बेमध्ये (बॉल मारायच्या खणात) उभ्या माणसाला लागतं.

कुठे थांबायचं

दुखायला लागलं की सराव बंद. कोपराच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूचं दुखणं, बोटांना मुंग्या, कंबर सकाळी धरलेली, हे ‘सवय झाली की जाईल’ प्रकारातलं नाही. मॅटखाली काँक्रीट असतं, चुकीचा फटका थेट कोपरात जातो. नव्या उत्साहात रोज बकेट मारणाऱ्यांना बरगडीच्या हाडाला बारीक तडा जाण्याचा प्रकारही होतो. खोल श्वास घेताना किंवा खोकताना छातीच्या बाजूला दुखत असेल तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. मसाज नको, स्प्रे नको.

दुखत नाही, पण पहिल्या पाच तपासण्या मनापासून करून चार-पाच वेळा रेंजवर जाऊनही वळण तसंच आहे, किंवा शँक सुरू झालाय, तर कोच गाठा. नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असलेला कोच पाहा. कॅडी (बॅग वाहणारे मदतनीस) आणि शेजारच्या बेमधले हितचिंतक चांगलेच असतात, पण पाच जणांचे पाच सल्ले एका स्विंगमध्ये बसत नाहीत. त्यात मीही आलो.

जाताना मोबाइलवर दोन व्हिडिओ घेऊन जा. एक बॉलच्या रेषेत मागून, मोबाइल हातांच्या उंचीवर धरून, एक समोरून. शिवाय बॉल कुठे निघतो, कुठे वळतो आणि फेसवर ठसा कुठे पडतो, हे एका कागदावर. एका तासाचे पैसे द्यायचे असतात, त्यातली पहिली वीस मिनिटं निदानात जाणार नाहीत. आणि त्या धड्यानंतर निदान दोन आठवडे यूट्यूब बंद.